पाण्यातील बुडबुडा : आकार, वेग आणि मोजमाप

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या काठी वसलेल्या बऱ्हाणपूर शहराला पाणी पुरविण्यासाठी इ. स. १६१५ च्या सुमारास जी भूमिगत योजना उभारण्यात आली ती 'कुंडी भंडारा' या नावाने प्रसिद्ध आहे. अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने तिची आखणी केली. डोंगरातून तापीकडे झिरपत जाणारे पाणी जमिनीखालील बोगद्यात अडवून ते केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणण्यात आले आणि या बोगद्यावर ठिकठिकाणी उभ्या विहिरींसारख्या कुंड्या बांधण्यात आल्या. त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. मार्च २०२४ मध्ये ही योजना युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. प्रवासी ती पाहून तिच्या प्राचीनतेचे कौतुक करतात. तथापि तिची एक बाजू सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या बोगद्यात पाणी खालून वाहते, हवा त्याच्या वर मोकळी असते आणि कुंड्यांच्या वाटे तिचे बाहेरच्या हवेशी दळणवळण राहते. पाण्याच्या मार्गात हवा कोंडून राहण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

बंद नळांच्या योजनेत हा प्रश्न उद्भवतो. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा घरोघरी नळ पोहोचल्याचे ग्रामसभांच्या ठरावांनी प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हा ठरला. जिल्ह्यातील २५४ गावे आणि एक लाखाहून अधिक कुटुंबे या योजनेखाली आली. ज्यांच्या अंगणात नळ आला आहे त्यांना हा अनुभव नवा नाही, की पाणी सुटण्यापूर्वी तोटी काही वेळ फुसफुसते, मग धक्के देत पांढरट पाणी येते आणि त्यानंतरच धार स्थिर होते. ही नळात अडकलेली हवा होय.

याच जिल्ह्यातील नेपानगर येथे मात्र हवेला मुद्दाम पाण्यात सोडून तिच्याकडून काम करून घेण्याची गरज पडते. तेथील नेपा मिल हा देशातील वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते २६ एप्रिल १९५६ रोजी तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. प्रारंभी सातपुड्यातील बांबू व सालई यांपासून तेथे कागद होत असे. २०१६ साली उत्पादन बंद पडले. पुनरुज्जीवनाच्या योजनेत रद्दी कागद हा मुख्य कच्चा माल धरण्यात आला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला. रद्दीपासून पांढरा कागद करावयाचा तर तिच्यावरील छापील शाई काढून टाकणे आवश्यक असते, आणि कागदाच्या धंद्यात हे काम प्रामुख्याने हवेच्या बुडबुड्यांकरवी केले जाते.

एके ठिकाणी अडचण करणारी हवा दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडते. ती काय करील हे मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरते : बुडबुडा केवढा आहे आणि तो किती वेगाने जातो. या दोन्ही गोष्टी पाहताक्षणी कळतात असा समज आहे. तो खरा नाही.

आकार वाढला म्हणजे वेग वाढतोच काय?

स्थिर पाण्यात सोडलेला बुडबुडा वर चढतो, कारण त्याने बाजूला सारलेले पाणी त्याच्यापेक्षा जड असते. पाण्याचा चिकटपणा व रोध त्याला मागे ओढतात आणि थोड्याच अंतरात दोन्ही बळांचा मेळ बसून वेग स्थिर होतो. एक दशांश मि. मी. व्यासाच्या बारीक बुडबुड्याचा हा वेग सेकंदाला सुमारे अर्धा सें. मी. एवढाच असतो, एक मीटर चढण्यास त्याला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. या टप्प्यात व्यास दुप्पट झाला की वेग जवळजवळ चौपट होतो. म्हणून, वेगावरून आकार काढता येईल असे कोणालाही वाटेल.

परंतु पुढे चित्र बदलते. व्यास दोन मि. मी. ओलांडून गेल्यावर बुडबुडा गोल राहत नाही. तो भाकरीसारखा चपटा होतो, नागमोडी वा मळसूत्री वाटेने चढतो आणि त्याचा वेग सेकंदाला वीस ते पंचवीस सें. मी. च्या आसपास अडून बसतो. चार मि. मी. चा बुडबुडा आणि आठ मि. मी. चा बुडबुडा यांच्या आकारमानात आठपटीचे अंतर असले तरी त्यांच्या वेगात फारसे अंतर नसते. शिवाय पाण्याची शुद्धताही आड येते. स्वच्छ पाण्यात एक मि. मी. चा बुडबुडा सेकंदाला पंचवीस सें. मी. च्या घरात चढतो. त्याच पाण्यात साबणाचा अंश असला तर त्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण साबणाचे कण त्याच्या पृष्ठभागावर बसून तो ताठर करतात. आपल्याकडील नदीनाल्यांचे, गिरण्यांचे वा गटारांचे पाणी प्रयोगशाळेतील पाण्यासारखे क्वचितच असते. तात्पर्य, वेगावरून आकार किंवा आकारावरून वेग परस्पर काढून चालत नाही. दोन्ही मोजावे लागतात.

आकाराला इतके महत्त्व का, हे एका हिशेबावरून स्पष्ट होईल. एक लिटर हवेचे एक सें. मी. व्यासाचे बुडबुडे केले तर ते सुमारे १,९०० भरतात आणि त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग अर्ध्या चौरस मीटरहून थोडा अधिक, म्हणजे ०.६ चौरस मीटर होतो. त्याच हवेचे एक मि. मी. व्यासाचे बुडबुडे केले तर ते १९ लाखांहून अधिक होतात आणि पृष्ठभाग सहा चौरस मीटर होतो. हवा तेवढीच, ती दाबण्यास लागणारी वीजही बहुतांशी तेवढीच. पाण्याशी तिचा संबंध मात्र दसपट. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत जंतूंना प्राणवायू पुरविण्यासाठी हवा सोडतात. अशा केंद्रांच्या वीज बिलाचा फार मोठा भाग याच कामावर खर्च होतो. हवेच्या चकत्यांची छिद्रे मळाने बुजून किंवा फाटून बुडबुडे मोठे होऊ लागले, तर पाणी पूर्वीपेक्षा जोराने उकळताना दिसते आणि पाहणाऱ्याचे समाधान होते. प्रत्यक्षात पाण्यात विरघळणारा प्राणवायू कमी झालेला असतो.

रद्दीतील शाई आणि बुडबुडा

शाई काढण्याच्या टाकीत रद्दीचा पातळ लगदा असतो. त्यात शेकडा एक भागाच्या आसपास तंतू आणि बाकी पाणी. साबणासारख्या द्रव्यांमुळे शाईचे सुटे झालेले कण पाण्याला टाळतात व हवेला चिकटतात. खालून सोडलेले बुडबुडे त्यांना वर घेऊन येतात, वर काळपट फेस जमतो आणि तो काढून टाकला जातो. याला प्लवन असे म्हणतात. खनिजे वेगळी करण्यासाठीही हीच रीत वापरतात.

येथे बुडबुडा मोठा झाला तर त्याच हवेत बुडबुड्यांची संख्या घटते, शाईच्या कणांशी गाठ पडण्याची संधी कमी होते आणि त्याच्या चढण्याने लगदा घुसळला जाऊन चिकटलेले कण सुटूही शकतात. उलट तो फारच लहान झाला तर त्याची चढण्याची गती इतकी मंद होते की टाकीतून बाहेर पडणारा लगद्याचा प्रवाह त्याला शाईसह आपल्याबरोबर घेऊन जातो, म्हणजे काढलेली शाई पुन्हा कागदात शिरते. हवेचे प्रमाण बेसुमार वाढविले तर फेसाबरोबर चांगले तंतूही वाहून जातात आणि रद्दीच्या प्रत्येक टनामागे मिळणारा कागद घटतो. रद्दीवर चालणाऱ्या कारखान्याचा नफातोटा या टाकीत बराचसा ठरतो, असे म्हणण्यास हरकत नाही. अडचण अशी की लगदा अपारदर्शक असतो. त्यात डोकावून बुडबुडा पाहता येत नाही.

मोजण्याच्या रीती

सर्वांत साधी रीत पट्टीने करता येते व ती शाळेतही दाखविण्याजोगी आहे. सारख्या रुंदीच्या उभ्या पारदर्शक नळीत एक मीटर उंचीपर्यंत पाणी घ्यावे आणि तळातून हवा सोडावी. हवेने जागा घेतल्यामुळे पाण्याची पातळी चढते. समजा ती १०५ सें. मी. झाली. याचा अर्थ मिश्रणात हवेचा हिस्सा १०५ त ५, म्हणजे शेकडा ४.८ आहे. आता नळीचा छेद १०० चौरस सें. मी. असून दर सेकंदास १०० घन सें. मी. हवा जात असेल तर संपूर्ण छेदावर वाटलेला हवेचा वेग सेकंदाला १ सें. मी. होतो. परंतु हवेला मिळालेली वाट छेदाच्या शेकडा ४.८ एवढीच आहे. म्हणून बुडबुड्यांचा खरा सरासरी वेग १ भागिले ०.०४८, म्हणजे सेकंदाला सुमारे २१ सें. मी. येतो. एकही बुडबुडा न पाहता वेग हाती आला. मात्र ही केवळ सरासरी आहे आणि आकाराविषयी ती काही सांगत नाही.

आकारासाठी छायाचित्र घेणे हा सरळ मार्ग. पूर्वी त्यासाठी महागडा द्रुतगती कॅमेरा लागे. हल्ली सेकंदाला २४० चित्रे घेणारे मोबाइल फोन अनेक शिक्षकांच्या खिशात असतात. सेकंदाला २४ सें. मी. चढणारा बुडबुडा अशा दोन लागोपाठच्या चित्रांत बरोबर एक मि. मी. सरकतो. नेहमीच्या, सेकंदाला ३० चित्रांच्या चित्रणात तो आठ मि. मी. उडी घेतो व त्याचा मागोवा चुकतो. पट्टी बुडबुड्याच्याच पातळीत, पाण्याच्या आत धरावी. काचेच्या बाहेर धरलेली पट्टी फसविते. गोल नळीतील पाणी भिंगासारखे काम करून बुडबुडा आडवा फुगवून दाखविते, त्यासाठी नळीभोवती सपाट बाजूंची पाण्याने भरलेली काचपेटी ठेवतात. ही सर्व काळजी घेऊनही हवेचा हिस्सा शेकडा काही भागांपलीकडे गेला की पुढचे बुडबुडे मागच्यांना झाकतात. कॅमेऱ्याला मग फक्त भिंतीलगतची गर्दी दिसते.

गढूळ पाण्यात व दाट गर्दीत सुई उपयोगी पडते. बारीक तारेवर विद्युत् रोधक लेप देऊन तिचे केवळ टोक उघडे ठेवतात. टोक पाण्यात असेपर्यंत मंडल पूर्ण राहते; बुडबुडा टोकावर आला की हवा वीज वाहून नेत नसल्याने ते तुटते. अशी दोन टोके एकावर एक, समजा दोन मि. मी. अंतराने ठेवली. खालच्या टोकाने बुडबुडा नोंदविल्यानंतर ८ सहस्रांश सेकंदांनी वरच्याने नोंदविला तर त्याचा वेग सेकंदाला २५ सें. मी. झाला. एकच टोक १२ सहस्रांश सेकंद हवेत राहिले असेल, तर त्या वेगाने बुडबुड्याची ३ मि. मी. लांबी टोकावरून गेली. एकाच सुईने वेग व लांबी दोन्ही मिळाल्या. तेल किंवा अगदी शुद्ध पाणी वीज नीट वाहून नेत नाही. तेथे काचेचा प्रकाशीय तंतू वापरतात. त्यातून सोडलेला प्रकाश टोक द्रवात असता बाहेर निसटतो आणि टोक हवेत येताच परत फिरतो.

येथे एक महत्त्वाची सावधगिरी घ्यावी लागते. सुईला मिळालेली लांबी हा बुडबुड्याचा व्यास नव्हे. सुई क्वचितच बुडबुड्याच्या मध्यातून जाते. बहुधा ती कडेने भेदते आणि तिला एक जीवा मिळते. गोल बुडबुड्यांच्या बाबतीत अशा असंख्य जीवांची सरासरी व्यासाच्या दोन तृतीयांश येते. वरील उदाहरणात सरासरी जीवा ३ मि. मी. असेल तर व्यास साडेचार मि. मी. धरावा लागेल. दुसरे असे की मोठा बुडबुडा सुईच्या वाटेत येण्याचा संभव अधिक, एक सें. मी. चा बुडबुडा एक मि. मी. च्या बुडबुड्यापेक्षा शंभरपट अधिक वेळा नोंदविला जातो. बारीक बुडबुडे तर सुईला वळसा घालून निसटतात. नागमोडी चढणारा बुडबुडा खालच्या टोकाला लागून वरच्याला चुकवितो आणि वरच्यावर भलताच बुडबुडा येतो. अशा विजोड नोंदी वगळाव्या लागतात, आणि म्हणूनच अलीकडे चार टोकांच्या सुया वापरण्यात येतात. यंत्राने आकडा दिला म्हणजे मोजमाप पूर्ण झाले, ही समजूत या क्षेत्राइतकी क्वचितच कोठे महाग पडत असेल.

सरासरी काढतानाही असाच पेच येतो. एक मि. मी. चे हजार बुडबुडे आणि एक सें. मी. चा एकच बुडबुडा घ्या. साधी सरासरी जेमतेम एक मि. मी. येते आणि मोठा बुडबुडा जणू नाहीच असे वाटते. वस्तुतः त्या एकात इतर हजारांइतकीच हवा आहे. म्हणून व्यासांच्या घनांच्या बेरजेला वर्गांच्या बेरजेने भागून काढलेली सरासरी वापरतात. ती सॉटर यांच्या नावाने ओळखली जाते. येथे ती १.८ मि. मी. येते. हवा व पाणी यांच्यातील पृष्ठभागाचा हिशेब याच व्यासावर करावयाचा असतो.

पाण्यात काहीही न घालता बुडबुड्याचा आकार ऐकूनही कळू शकतो, ही गोष्ट सामान्य वाचकास नवलाची वाटेल. छिद्रातून सुटताना बुडबुडा क्षणभर आकुंचन–प्रसरण पावतो आणि सूर काढतो. हॉलंडमधील शास्त्रज्ञ मिनार्ट यांनी १९३३ मध्ये दाखविले की हा सूर आकाराच्या व्यस्त प्रमाणात असतो. भूपृष्ठाजवळच्या पाण्यात दोन मि. मी. व्यासाचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,२६० कंपने करतो, चार मि. मी. चा त्याच्या निम्मी. ओढ्याचा खळखळाट बहुतांशी या बुडबुड्यांचाच असतो. (घागर भरताना चढत जाणारा सूर मात्र निराळा, तो घागरीतील उरलेल्या हवेच्या स्तंभाचा होय.) मोठ्या यंत्रांत याखेरीज बारीक तारांची जाळी, क्ष-किरण वा गॅमा किरण यांचाही अवलंब करतात; त्यांचा खर्च मोठा असल्याने त्यांचे स्थान मुख्यतः संशोधन संस्थांत आहे.

माटुंग्याचे काम

या विषयात मराठी मुलखातून झालेल्या कार्याचा उल्लेख करणे उचित ठरेल. मुंबईत १९३३ साली सुरू झालेल्या विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजेच माटुंगा येथील आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, प्रा. मनमोहन शर्मा व सातारा जिल्ह्यातील मसूरचे सुपुत्र प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी बुडबुड्यांच्या स्तंभांचा दीर्घकाळ अभ्यास केला. उंच नळकांड्यात तळातून वायू सोडून रसायने तयार करण्याची यंत्रे कारखान्यांत सर्रास असतात. त्यांतील द्रव स्थिर राहत नाही. तो मध्यभागी वर चढतो आणि भिंतीलगत खाली उतरतो. १९७९ मध्ये या दोघांनी अशा फिरत्या प्रवाहांचे चक्राकार कोशांच्या रूपात गणित मांडले. मध्यातील बुडबुड्याला चढत्या द्रवाची साथ मिळते, कडेच्याला उतरत्या द्रवाचा विरोध होतो. म्हणून एकाच आकाराच्या दोन बुडबुड्यांचे वेग जागेनुसार भिन्न येतात. सुई कोठे ठेवली हे नोंदविल्याशिवाय तिच्या आकड्याला अर्थ नाही, हे यावरून कळून येते. प्रा. जोशी यांना २०१४ मध्ये पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले.

गावच्या नळातील हवा

आता पुन्हा तोटीकडे वळू. नळ भरताना आत राहिलेली हवा आणि दाब उतरल्यावर पाण्यातून सुटणारी हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर सरकते व जेथे नळ टेकाडावरून जातो त्या उंचवट्यावर साठून एक लांबट पोकळी बनते. पाण्याची वाट तेवढी अरुंद होते. पंप तोच, वीज तीच, पण शेवटच्या घरी पाणी कमी पोहोचते. आणि जेथे पाणीमापक बसविले आहेत तेथे पाण्यापुढे धावणारी हवाही मापकाचे चाक फिरवू शकते.

पाण्याच्या वेगाने ही हवा आपोआप वाहून जाणार नाही काय? याचे उत्तर मोजमापानेच मिळते. उभ्या नळात नळाएवढा रुंद बुडबुडा किती वेगाने चढतो याचा अभ्यास इंग्लंडमध्ये डेव्हिस व टेलर यांनी केला व १९५० मध्ये प्रसिद्ध केला. या वेगाचा बुडबुड्याच्या लांबीशी संबंध नसून तो नळाच्या व्यासावर अवलंबून असतो. दहा सें. मी. व्यासाच्या नळात तो सेकंदाला सुमारे ३५ सें. मी. भरतो, व्यास चौपट, म्हणजे ४० सें. मी. केला की तो दुप्पट, सुमारे ७० सें. मी. होतो. खाली उतरणाऱ्या पाण्याचा वेग याहून कमी असेल तर हवा पाण्याबरोबर जात नाही, उलट पाण्याच्या विरुद्ध वर चढते. तिरप्या नळात आकडे थोडे बदलतात, पण नळ जितका मोठा तितकी हवा हुसकणे कठीण, हा नियम राहतो. गावच्या मुख्य वाहिन्यांतील पाण्याचा वेग बहुधा याच मर्यादेच्या आसपास असतो.

यासाठीच आराखड्यात प्रत्येक उंचवट्यावर हवा सोडणारी झडप दाखविलेली असते. ती बहुधा शेताच्या बांधावर किंवा रस्त्याकडेच्या लहानशा कुंडीत असते, तिच्यावर माती व गवत चढते आणि तिच्यातून पाणी ठिबकू लागले की कोणीतरी ती गच्च आवळून टाकतो. ठिबक थांबते, त्या दिवसापासून उंचवट्यावर हवा साठू लागते. ग्रामपंचायतीच्या पाणी समितीने वाहिनीचा नकाशा काढून अशा झडपा कोठे आहेत ते एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे, ठिबकणाऱ्या झडपेचा गोळा व बैठक साफ करून घ्यावी व बंद केलेली झडप पुन्हा उघडावी. दुरुस्तीनंतर रिकामी वाहिनी भरताना पंप एकदम पूर्ण जोराने न चालविता मुख्य झडप थोडी उघडून पाणी हळूहळू सोडावे, म्हणजे हवेला पुढील झडपेपर्यंत जाण्यास अवधी मिळतो. शेवटच्या नळावर एक बादली किती सेकंदांत भरते, याची नोंद झडप साफ करण्यापूर्वी व नंतर अशी दोनदा घेतली तर हवेने अडविलेले पाणी किती होते ते आकड्यात दिसेल. ही नोंद समितीच्या वहीत तारखेसह ठेवावी.